पैसे आधी संपतील की आपण? रिटायर झाल्यावर महिन्याचा पगार कसा उभा करायचा

रिटायर होऊन पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे खात्यात आले की पहिले आठ दिवस माणूस पासबुक बघून खुश असतो आणि नवव्या दिवशी रात्री दोन वाजता जाग येते, हे पुरतील का, आपण नव्वदीपर्यंत जगलो तर काय, मुलाकडे हात पसरायचा का. ही भीती खोटी नाहीये. पण तिच्यावर बहुतेक घरांत जो उपाय केला जातो, सगळं एफडीत टाका, व्याजावर जगा आणि मुद्दलाला हात लावू नका, त्यानेच पुढे गोची होते. कशी ते आधी सांगतो, मग काय करायचं ते.

हे सगळं खासगी नोकरीवाल्यांसाठी आणि छोट्या धंदेवाल्यांसाठी आहे बरं का. जुनी पेन्शन असलेल्या सरकारी मंडळींना महागाई भत्ता मिळतो, त्यांचं दुखणं वेगळं. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांनी मात्र वाचा.

मुद्दलाचा हिशोब असा. १० लाखाची एफडी आहे, ७ टक्के व्याज, वर्षाला ७० हजार. महागाई ६ टक्के धरा (दूध, डॉक्टर, सोसायटीचा मेंटेनन्स बघितला तर कमीच वाटेल). म्हणजे पुढच्या वर्षी त्या १० लाखात आजच्या १० लाखाएवढं सामान यायला हवं असेल तर ते १० लाख ६० हजार व्हायला हवेत. म्हणजे ७० हजारातले ६० हजार हे तुमचं उत्पन्न नाहीच, मुद्दलाची झीज भरून काढायलाच ते लागतात, खरं उत्पन्न १० हजार. जो माणूस छातीठोकपणे सांगतो की मी फक्त व्याज खातो, तो पहिल्या दिवसापासून मुद्दलच खातोय, फक्त त्याला दिसत नाही कारण पावतीवरचा आकडा तोच राहतो. १२ वर्षांनी त्या आकड्याची किंमत निम्मी झालेली असते, २४ वर्षांनी पाव. आणि नेमकं तेव्हा गुडघे गेलेले असतात, म्हणजे परत कामाला लागायचा पर्याय नाही.

त्यामुळे मुद्दलाला हात लागणारच आहे, फक्त तो ठरवून लावायचा का नकळत, एवढाच प्रश्न आहे.

आता पहिलं काम, खर्च लिहून काढा. अंदाजे नाही, मागच्या १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट घेऊन बसा कारण आपल्याला किराणा, लाइट बिल आणि औषधं आठवतात पण आहेर, गणपती-दिवाळी, टीव्ही-फ्रिजची दुरुस्ती, नातवंडांचे वाढदिवस, मेडिक्लेमचा प्रीमियम, प्रॉपर्टी टॅक्स हे कुणी धरतच नाही. वर्षाचा आकडा काढा. त्यातून आयुष्यभर नक्की येणारी रक्कम वजा करा, म्हणजे ईपीएसची (पीएफबरोबर मिळणारी) पेन्शन, भाडं येत असेल तर ते (महिनाभर घर रिकामं राहतं हे धरून). ईपीएसवर फार आशा ठेवू नका. ती ठरते पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७० अशी आणि पगार बहुतेकांचा १५ हजारच धरतात, म्हणजे ३५ वर्षं घासली तरी साडेसात हजार. किमान पेन्शन २०१४ पासून १ हजार आहे. शिवाय ती महागाईनुसार वाढत नाही.

जी तूट उरते तिने तुमच्या जमापुंजीला भागा. येणारं उत्तर म्हणजे साधारण तेवढी वर्षं पैसे पुरतील. इतकं सोपं का, तर टॅक्स जाऊन मिळणारं व्याज आणि महागाई साधारण बरोबरीत सुटते असं धरलं की भागाकारच उरतो. आर्थिक सल्लागाराच्या एक्सेल शीटमधून याच्यापेक्षा फार वेगळं काही निघत नाही, रंग जास्त असतात एवढंच.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ म्हणजे हवेत बोलणं नको. डोंबिवलीतलं जोडपं समजा, काका ६०, काकू ५६, फ्लॅट स्वतःचा, कर्ज नाही, सगळं मिळून ९० लाख. त्यातले १० लाख आजारपणासाठी बाजूला काढले, ते हिशोबात धरायचेच नाहीत, राहिले ८०. खर्च महिना ३६ हजार, काकांची पेन्शन ३ हजार, तूट ३३ हजार म्हणजे वर्षाला जवळजवळ ४ लाख. ८० भागिले ४, वीस वर्षं. काका ८० चे होतील तेव्हा तळ दिसणार. साठी गाठलेला माणूस भारतात सरासरी आणखी १८ वर्षं जगतो त्यामुळे वरवर बरं वाटतं, पण सरासरी म्हणजे त्यातले कितीतरी जण पुढे जाणारच, आणि मुख्य म्हणजे काकू तेव्हा ७६ च्या असतील! बायका जास्त जगतात, शिवाय आपल्याकडे नवऱ्यापेक्षा लहानही असतात. हिशोब कायम काकूंच्या नव्वदीपर्यंत करायचा, काकांच्या नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि बहुतेक नियोजनात हेच नसतं.

भागाकार ३० च्या वर आला तर तुम्ही निवांत, नाटक बघा, फिरा. २५ च्या आसपास आला तर ठीक पण डोळे उघडे ठेवा. (१९९४ साली विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने जो ४ टक्क्यांचा नियम मांडला तो म्हणजे हाच २५ चा भागाकार, पण तो तिथल्या बाजाराच्या आकड्यांवर आणि तिथल्या कमी महागाईवर बेतलेला आहे त्यामुळे इथे जसाच्या तसा लावू नये असं माझं मत.) २० किंवा खाली आला तर फक्त एफडीने निभणार नाही, काहीतरी वाढणारं लागेल किंवा दोन-चार वर्षं काम लांबवावं लागेल. काम लांबवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, एकेक वर्ष कमावलं की तेवढी वर्षं कमी खायची आणि जमा वाढते, दोन्हीकडून फायदा. अर्धवेळ अकाउंट्स बघा, क्लास घ्या, १५ हजार आले तरी आपल्या उदाहरणातली निम्मी तूट गेली.

आता पैसे कुठे ठेवायचे.

पाया पोस्टाचा, यात मला अजिबात शंका नाही. सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम, बँकेतही उघडता येते. एका माणसाला ३० लाखांपर्यंत, व्याज सध्या ८.२ टक्के, मुदत ५ वर्षं, पुढे ३-३ वर्षांनी वाढवता येते. दर तिमाहीला सरकार दर बघतं म्हणून जाण्याआधी विचारून घ्या, पण एकदा पैसे भरले की तुमचा दर पाच वर्षं पक्का. ३० लाखाचे दर तिमाहीला ६१,५०० येतात, म्हणजे महिना २०,५००. ६० पूर्ण लागतात, ५५ ते ६० च्या मधे रिटायर झालात तर पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडावं लागतं, ही मुदत चुकवू नका. यातून अर्धेमुर्धे पैसे काढता येत नाहीत, मोडायचं तर अख्खं खातं मोडतं आणि दुसऱ्या वर्षात मोडलं तर दीड टक्का, त्यानंतर १ टक्का कापतात, वर्षाच्या आत मोडलं तर व्याजच नाही. म्हणून ३० लाखाचं एक खातं करू नका, १०-१० ची तीन करा, अडचण आली तर एकच मोडेल. पोस्टातला माणूस कशाला तीन फॉर्म म्हणून कुरकुर करेल, करू दे.

काकू ६० च्या झाल्या की त्यांच्या नावावर वेगळं ३० लाखांपर्यंत उघडता येईल, आत्ता नाही. जॉइंट उघडलं तरी सगळी रक्कम पहिल्या नावाचीच धरतात.

दुसरं, पोस्टाची मंथली इन्कम. एकट्याला ९ लाख, जॉइंट १५ लाख, ७.४ टक्के. १५ लाखाचे महिना ९,२५० येतात. काकूंचं वय इथे आड येत नाही.

काकांची बेरीज करा, २०,५०० अधिक ९,२५० अधिक पेन्शन ३ हजार, झाले ३२,७५०. पहिल्या वर्षी फक्त सव्वातीन हजारांची तूट राहिली. ४५ लाख गेले, ३५ उरले. त्यातले १० लाख एफडीत, पण एकच पावती नको, एक, दोन, तीन, चार, पाच वर्षांच्या अशा वेगवेगळ्या मुदतीच्या, म्हणजे दरवर्षी एक हाताशी येते. आणि राहिलेले २५ लाख शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात, इंडेक्स फंड (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा) किंवा बॅलन्स्ड ॲडव्हांटेज (शेअर आणि कर्जरोखे यांचं प्रमाण बदलत ठेवणारा) असलं काहीतरी साधं. इथे लोक दचकतात.

दचकण्याचं कारण बरोबर आहे. जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१ हजारला होता, त्याच वर्षी ऑक्टोबरला निम्म्याहून खाली आला आणि परत २१ हजारावर बंद व्हायला २०१० च्या दिवाळीचं मुहूर्त ट्रेडिंग उजाडलं. ज्याने २००७ ला रिटायर होऊन सगळे पैसे फंडात टाकले आणि दर महिन्याला घरखर्चासाठी त्यातूनच काढले, त्याने पडलेल्या भावात युनिट (फंडातले आपले हिस्से) विकले, मग बाजार वर आला तेव्हा त्याच्याकडे युनिट कमी उरले होते. बाजार पडणं हा प्रॉब्लेम नाही, पडलेला असताना विकायची वेळ येणं हा प्रॉब्लेम आहे आणि रिटायरमेंटनंतरची पहिली चार-पाच वर्षं यात सगळ्यात धोक्याची. ती १० लाखांची एफडी नेमकी यासाठी आहे. काकांचा खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतोय असं धरलं तर सहाव्या वर्षी तो महिना ४८ हजार होतो आणि तूट १५ हजारांच्या वर जाते, ती सगळी तूट एफडीतून भागवत गेलं (व्याजदर साधारण हेच राहिले असं धरून) तर एफडी आठ वर्षं पुरते. आठ वर्षं फंडाकडे बघितलं नाही तरी चालतं! तेवढ्यात वर्षाला ८ टक्क्यांनी वाढले तरी २५ चे ४६ लाख होतात. होतीलच असं लिहून देत नाही, पण नुसत्या एफडीत काकू ७६ ला रिकाम्या होतात हे मात्र गणिताने पक्कंय.

एक नियम ठेवा. ज्या वर्षी बाजार चांगला गेलाय त्या वर्षी फंडातून वर्षभराच्या तुटीएवढे काढून एफडीत भर घाला, ज्या वर्षी पडलाय त्या वर्षी हात लावू नका. टीव्हीवरचे चॅनेल बघून ठरवू नका. इक्विटी फंडात वर्षभरानंतर विकलं तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला टॅक्स नाही, वर साडेबारा टक्के, त्यामुळे दरवर्षी थोडंथोडं काढणं टॅक्सलाही बरं पडतं.

व्याजदर घसरायची भीतीही लक्षात ठेवा, ती बाजारासारखी आरडाओरडा करत येत नाही म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. हीच सीनियर सिटिझन स्कीम २००४ ला सुरू झाली तेव्हा ९ टक्के होती आणि एप्रिल २०२० मध्ये एका फटक्यात ८.६ वरून ७.४ वर आली. ज्यांची पाच वर्षं नेमकी तेव्हा संपली (त्यांना २०१५ चा ९.३ चा दर होता) त्यांचं उत्पन्न रातोरात साधारण २० टक्क्यांनी कमी झालं. ती तीन खाती एकाच दिवशी न उघडता वर्षा-वर्षाच्या अंतराने उघडली तर हा फटकाही विभागतो, तोपर्यंत पैसे साध्या एफडीत राहू देत.

मग पगार कसा करायचा? हे छोटं आहे पण करून बघा, मनाला फार बरं वाटतं. दोन बचत खाती ठेवा. एकात सगळं व्याज, भाडं, एफडीची मुदत संपलेले पैसे जमा होऊ देत, त्याचं कार्ड कपाटात, यूपीआय जोडायचं नाही. तिथून दर महिन्याच्या १ तारखेला ठरलेले ३६ हजार आपोआप घरखर्चाच्या खात्यात जातील अशी बँकेला कायमची सूचना देऊन ठेवा. आयुष्यभर पगाराच्या लयीत जगलेल्या माणसाला तिमाहीला ६१ हजार एकदम आले की पहिल्या महिन्यात हात सैल सुटतो. दर एप्रिलला पगारवाढ द्या स्वतःला, खर्च खरंच वाढलाय तेवढीच.

हयातभर मिळणारी पेन्शन विकत घेण्याबद्दल विचारणारे खूप असतात, म्हणजे विमा कंपनीला एकरकमी पैसे द्यायचे आणि ती मरेपर्यंत ठराविक रक्कम देते. पैसे आधी संपण्याच्या भीतीवर खरं औषध असलेली हीच एक वस्तू आहे, कारण तुम्ही १०२ वर्षं जगलात तरी कंपनीला द्यावेच लागतात. पण ६० व्या वर्षी घेऊ नका. तेव्हा दर कमी मिळतो, रक्कम बहुतेक पर्यायांत वाढत नाही आणि एकदा पर्याय निवडला की बदलता येत नाही. ७०-७५ ला घ्या, वय जास्त म्हणून दरही जास्त मिळतो, आणि तेवढीच घ्या की किराणा, लाइट, औषधं, मेंटेनन्स निघेल. पर्याय निवडताना एजंट हमखास मुद्दल वारसाला परत वाला सुचवतो आणि आपणही मुलांना काहीतरी मिळेल म्हणून हो म्हणतो, पण त्यात महिन्याची रक्कम कमी होते, म्हणजे ज्या भीतीसाठी घेतली तीच अर्धवट राहते. मुलांसाठी फ्लॅट आहे ना! नवरा-बायको दोघांच्या हयातीपर्यंतचा पर्याय मात्र घ्याच. एनपीएसवाल्यांना (राष्ट्रीय पेन्शन योजनेतल्यांना) तर काही हिस्सा यात घालावाच लागतो, त्यांनी तरी फॉर्मवर एजंटने पेन्सिलने केलेली खूण डोळे झाकून पक्की करू नये.

जास्त व्याजाचा मोह. पतसंस्था १०-११ टक्के देते, चेअरमन ओळखीचा आहे, शाखा कोपऱ्यावर आहे, सगळं खरं, पण ठेव विमा पतसंस्थेला लागू नाही. बँकेत, सहकारी असली तरी, प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत व्याज धरून ५ लाखांपर्यंत विमा आहे, आणि तोही फेब्रुवारी २०२० पासून, आधी १ लाखच होता, पीएमसी या सहकारी बँकेत लोकांचे पैसे अडकल्यावर वाढला. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ ला निर्बंध आले आणि २०२२ ला परवानाच गेला, नऊ वर्षं! सत्तरीच्या माणसाला नऊ वर्षं म्हणजे काय हे सांगायला नको. सहकारी बँकेत ठेवायचेच असतील तर एकेका बँकेत पाच लाखांच्या आत. आणि बँकेत एफडी करायला गेलात आणि साहेबांनी चहा मागवला की सावध व्हा, विम्याची पॉलिसी गळ्यात पडण्याची ती वेळ आहे. पडलीच तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

टॅक्सची काळजी निम्म्या लोकांना उगाच असते. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला टॅक्स शून्य (शेअर-फंडाच्या नफ्याचा हिशोब वेगळा). काकांचं एफडीचं व्याज धरून सगळं मिळून ६ लाखही होत नाही. तेव्हा टॅक्स वाचवायला म्हणून जे काही विकतील ते घेऊ नका. ज्येष्ठांचं एका बँकेतलं व्याज वर्षाला १ लाखापर्यंत असेल तर टीडीएस (बँक आधीच कापते तो टॅक्स) कापत नाहीत, वर जात असेल तर आपण ज्याला १५एच म्हणतो तो, मला टॅक्स लागत नाही, कापू नका असं सांगणारा फॉर्म एप्रिलमध्येच द्या.

आजारपण हा वेगळा विषय आहे पण सगळा हिशोब एका फटक्यात तोच उधळतो. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम रिटायरमेंटबरोबर जातो, म्हणून नोकरीत असतानाच स्वतःचा घ्या, आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं ती वर्षं नोकरीत निघून जातात. आता ६५ नंतरही पॉलिसी मिळू शकते, ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायला कंपनीला सरकारच्या विमा नियामकाला विचारावं लागतं आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटीही नाही. सत्तरी झाली की आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत, फक्त आपल्या आसपासचं कुठलं हॉस्पिटल त्यात आहे ते आजारी पडायच्या आधी बघून ठेवा.

फ्लॅट हा शेवटचा राखीव साठा. ठाणे-पुण्याचा टू बीएचके विकून लहान घेतला किंवा गावाकडे गेलं तर पाच-दहा वर्षांचा खर्च निघतो. रिव्हर्स मॉर्गेजही (घर बँकेकडे गहाण ठेवून तिथेच राहायचं आणि बँकेकडून पैसे घेत राहायचं) २००७ पासून आहे पण मनापासून करून देणाऱ्या बँका थोड्या. काहीही करा, जिवंतपणी मुलांच्या नावावर बक्षीसपत्र करू नका, मुलगा कितीही गुणी असू दे, मृत्युपत्र करा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात, सांभाळायच्या अटीवर दिलेलं घर परत मागता येतं, पण त्यासाठी म्हातारपणी पोटच्या पोरासमोर अधिकाऱ्यापुढे उभं राहायचं, कुणाला हवंय ते.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे. सगळी खाती दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणीही किंवा हयात असणारा अशा पद्धतीची, नॉमिनी सगळीकडे तपासलेला. एका वहीत कुठे किती, पावती कधी संपते, पोस्टातल्या कुणाला भेटायचं, पासवर्ड कुठे आहेत हे काकूंच्या अक्षरात लिहा, काकांच्या नाही, म्हणजे लिहिताना त्या विचारतील. महिन्यातून एकदा बँकेत त्यांना एकटीला पाठवा. हयातीचा दाखला सरकारी पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो (८० च्या वरचे १ ऑक्टोबरपासून देऊ शकतात), ईपीएसवाल्यांचा दिल्या दिवसापासून १२ महिने चालतो त्यामुळे नोव्हेंबरच्या गर्दीत उभं राहायची गरज नाही, तारीख वहीत लिहून ठेवा आणि मोबाइलवरून चेहरा दाखवून घरबसल्या होतो, आधार आणि पेन्शनचा पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा) जवळ असला की झालं.